चोराचें अन्नपाणी

चोरास शिक्षा कोणती द्यावी, याचा विचार सर्वच स्मृतिकारांनीं केला आहे. परंतु याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत त्यापलीकडचाही एक विचार आढळतो. तो हा कीं, चोर जगतो कोणाच्या जिवावर? जो मनुष्य जाणूनबुजून चोरास किंवा मारेकऱ्यास अन्न, आसरा, विस्तव, पाणी, सल्ला, साधन किंवा खर्चास पैसा देतो, त्यास तेथें वरच्या प्रतीचा दंड सांगितला आहे. हीं सात दानें वाचकांनीं ध्यानांत ठेवावींत. संघटित गुन्हेगारी या नांवानें ज्या रोगाची चर्चा आज वृत्तपत्रांतून नित्य वाचावयास मिळते, त्याचें निदान या एका वचनांत बहुतांशीं झालेलें आहे, असें आम्हांस वाटतें.

एकटा चोर निराळा आणि टोळी निराळी. मृच्छकटिकांतील शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो. पण मदनिकेनें समजूत घालतांच चोरलेले दागिने वसंतसेनेच्या स्वाधीन करून मोकळा होतो. त्याचें मन पालटलें आणि चोरी तेथेंच संपली. टोळीचें असें होत नाहीं. तिच्यांतील एक पकडला गेला तर त्याच्या जागीं दुसरा उभा राहतो. कारण माल घेणारा, माल लपविणारा, खबर देणारा आणि डोळेझांक करणारा, ही सारी साखळी जागच्या जागीं असते. या साखळींतील पुष्कळसे लोक दिवसां संभावित म्हणून समाजांत वावरत असतात.

आमच्या देवगांव रंगारीहून वेरूळ फार दूर नाहीं. तेथील लेण्यांसंबंधीं एक चमत्कारिक गोष्ट पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन याचें पुस्तक १८३६ सालीं कलकत्त्यास छापलें गेलें. त्यांत फिरंगिया नांवाचा ठग मोठ्या विश्वासानें सांगतो कीं, गळा आवळण्यापासून प्रेत पुरण्यापर्यंत आमच्या धंद्यांतील एकूण एक कृत्य वेरूळच्या लेण्यांत कोरलेलें आहे. ज्यानें लेणीं पाहिलीं त्यास यांतील भ्रम सांगावयास नको. तेथें अंधकासुराचा वध आहे, नरसिंहावतार आहे. ठगाचा फांस कोठेंही नाहीं. परंतु त्या समजुतीचें मर्म ओळखण्यासारखें आहे. गुन्हेगारास नुसता पैसा पुरत नाहीं. आपल्या धंद्यावर देवाचा आणि जनांचा शिक्का असावा, अशी त्याची धडपड असते.

स्लीमनच्या वृत्तांतांत अतिशयोक्ति किती, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. तरी एक गोष्ट त्यांतून स्पष्ट दिसते. हे लोक कांहीं महिने वाटेवर घालवीत आणि उरलेले आपल्या गांवीं शेतकरी म्हणून काढीत. गांवचे जमीनदार लुटींतील वांटा घेऊन त्यांस आसरा देत. म्हणून १८३६ च्या कायद्यानें अमुक खून अमक्यानेंच केला हें सिद्ध होण्याची वाट न पाहतां, ठगांच्या टोळींत असणें हाच जन्मठेपेचा गुन्हा ठरविला. पुढें मात्र सरकारची दृष्टि भ्रमली. १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यानें जातीच्या जातीच जन्मतः गुन्हेगार मानल्या गेल्या. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. परंतु पारधी, कैकाडी इत्यादि समाजांच्या कपाळीं लागलेला डाग अद्याप पुरता पुसला गेलेला नाहीं. गुन्हा दुसऱ्याच्या जातींत शोधण्याची ज्यास संवय लागली, त्यास तो आपल्या घरांत शिरतांना दिसत नाहीं.

घरांत तो कसा शिरतो, याचें उदाहरण सोन्याचें आहे. १९६३ सालीं सुवर्णनियंत्रणाचा हुकूम निघाला व १९६८ सालीं त्याचा कायदा झाला. सोन्याच्या लगडी व बिस्किटें बाळगण्यास सामान्य माणसास मनाई झाली. लग्नकार्यांतील सोन्याची हौस मात्र होती तशीच राहिली. तेव्हां दुबईकडून गलबतें भरून सोनें मुंबई-कोंकणच्या किनाऱ्यावर चोरून उतरूं लागलें आणि हाजी मस्तानासारखे लोक त्यावर गबर झाले. तें सोनें अखेर गेलें कोठें? तें चांगल्या घरच्या मुलींच्या अंगावर गेलें. पावतीवांचून चार पैसे कमी पडले, सरकारचा कर तेवढा बुडाला, यांत कोणाचें काय वाईट झालें, असें पुष्कळ संभावित गृहस्थ उघड म्हणत.

वाईट काय झालें, तें पुढें कळलें. १९९० सालीं तो कायदा रद्द झाला व त्यानंतर आयात मोकळी होत गेल्यानें चोरट्या सोन्यांतील नफा घटला. परंतु गलबतें, किनाऱ्यावरचे हस्तक आणि लांच खाण्यास सवकलेले नोकर तयारच होते. १९९३ च्या आरंभीं रायगड जिल्ह्यांत दिघी व शेखाडी येथें याच तयार वाटेनें स्फोटकें व शस्त्रें उतरलीं, आणि १२ मार्च रोजीं मुंबईंत २५७ माणसें प्राणांस मुकलीं. माल जाऊं देणाऱ्या कस्टम व पोलिस खात्यांतील कांहीं जणांस न्यायालयानें पुढें शिक्षा केली. दागिन्यासाठीं ज्यांनीं सोनें घेतलें, त्यांच्या मनांत असें कांहींही नव्हतें हें खरें. पण त्या वाटेचा खर्च वर्षानुवर्षें त्यांनीं भरला होता.

१९९९ सालीं महाराष्ट्रानें संघटित गुन्हेगारीविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तोच लोकांच्या तोंडीं असलेला ‘मकोका’. त्यांत टोळींतील इसमास जाणून आसरा देणाऱ्यासही पांच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे. याज्ञवल्क्यांचेंच सूत्र हें! मराठवाड्यास हें दुखणें मुंबईचें वाटत असे. परंतु ९ डिसेंबर २०२४ रोजीं बीड जिल्ह्यांतील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा अपहरण करून खून झाला. पवनऊर्जेच्या एका कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले म्हणून हें घडलें, असा तपास करणाऱ्यांचा आरोप असून आरोपींस मकोका लावण्यांत आला. निर्णय न्यायालयाचा आहे. परंतु खंडणी आतां आपल्या शिवेवर येऊन उभी राहिली आहे, हें सांगावयास निकालाची जरूर नाहीं.

यास्तव प्रत्येक कुटुंबानें त्या सात दानांचा हिशेब एकवार घरांत मांडून पाहावा. शिक्षणासाठीं शहरांत राहणाऱ्या आपल्या मुलास कोणी म्हणतो, “तुझें बँकेचें खातें चार महिने वापरावयास दे, महिन्याला इतके रुपये देतों.” मुलास तें फुकटचें उत्पन्न वाटतें, पण फसवून लुबाडलेला पैसा ठेवण्यास जागा देणें, हा आसराच आहे. मोबाइलवर सट्टा लावणें म्हणजे खर्चास पैसा देणें. आणि ज्याच्या मिळकतीचा पत्ता नाहीं, अशाच्या मंडपांत मानाची खुर्ची घेणें, हें स्मृतीच्या यादींत नसलेलें आठवें दान आहे. चोरट्या दारूवर मोठा झालेला वरदराजन मुदलियार मुंबईंत माटुंग्यास थाटाचा गणपति बसवीत असे, तो उगीच नव्हे. फिरंगियास वेरूळच्या शिळांकडून जी मान्यता हवी होती, तीच ही.

मुलगा अशा जाळ्यांत अडकल्याचें कळल्यास घराण्याच्या अब्रूच्या भयानें तें झांकण्याकडे वडील माणसांचा कल होतो. टोळीस पाहिजे असतें तें हेंच, कारण झांकलेल्या गोष्टीवर तिला पुढें धमकी देतां येते. मुलास रागें न भरतां बरोबर घेऊन त्याच दिवशीं बँकेंत व पोलिस ठाण्यांत जावें. आणि अशी वेळच येऊं नये म्हणून, घरांत येणारी प्रत्येक रक्कम व वस्तु कोठून आली, हें विचारण्याची मोकळीक लहानांस मोठ्यांविषयींही असावी.