जात नको, नाव लिहा

इंग्रजानं आमचे फोटो काढले ते आमच्यासाठी नव्हेत. १८६८ ते १८७५ या काळात 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले. माणसाखाली जात, जमात, स्वभाव; नाव बहुतेक नाहीच. १९१६ साली रसेलनं मध्य प्रांताच्या जातीजमातींचे चार खंड काढले. आपला वऱ्हाड त्याच प्रांताला बांधलेला. गोदीत खोक्यावर मार्का मारतात तशी जात मारली.

आता रिसोड तालुक्यातल्या आमच्या केनवडातल्या पत्र्याच्या पेट्या उघडा. तिथं बाप खुर्चीवर बसलाय. स्वतःचे पैसे मोजून, इस्त्रीचा सदरा घालून. चावडीसमोर ज्याच्या आज्याला जमिनीवर बसवलं त्यालाच या खुर्चीची किंमत कळंल. सरकारी दप्तरात हा फोटो नाही. पेटीतच आहे, आणि सडतोय. पावसाळ्यात बुरशी, रंगीत फोटो तांबडे पडलेले. निगेटिव्हला शिरक्यासारखा आंबट वास आला तर समजा फिल्म मरायला लागली. तेवढी वेगळी काढा. स्लाइडी आपल्यात कुठल्या? त्या विलायत फिरून आलेल्यांच्या कपाटात.

तर दोस्तहो, हे काम घरीच करा. स्टुडिओवाल्याला कसं कळणार, डावीकडची ती पोर कोण? ते बुढीला ठाऊक आहे, आणि बुढी घरात आहे. तिला शेजारी बसवा. स्कॅनर मिळाला तर फोटो ६०० डीपीआयवर घ्या. पस्तीसची निगेटिव्ह जेमतेम २४ बाय ३६ मिलिमीटर, तिला निदान २४०० लागतात आणि पाठीमागून उजेड लागतो. साध्या स्कॅनरचं ते काम नाही. नसंल तर एका मोबाइलचा पडदा पांढरा करा, त्यावर बोटभर उंच निगेटिव्ह धरा, दुसऱ्यानं टिपा, मग रंग उलटे करा. फोटोला खिडकीचा उजेड पुरतो. फ्लॅश नको. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून धाडला की तो दाबला जातो, डॉक्युमेंट म्हणून धाडा.

माझं खरं भांडण त्या 'जुना फोटो नवा करा'वाल्या ॲपांशी आहे. च्यायला, माय गोरी होते! नाक चाफेकळी, गाल गुळगुळीत. उन्हात निंदून काळी पडलेली बाई कुठं गेली? मशीनलासुद्धा आमची कातडी दुरुस्त करावीशी वाटते. मूळ स्कॅनला हात लावू नका. डाग राहू द्या, चिरा राहू द्या.

७ डिसेंबर १९५६ ला नामदेव व्हटकरांनी बाबासाहेबांची अंत्ययात्रा फिल्मवर धरली. सरकारी कॅमेऱ्याच्या भरवशावर बसले असते तर?

फोटोच्या पाठीवर नाव मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं लिहा. बॉलपेन पुढं उमटतं. नाव, गाव, साल, कुठल्या जलशाचा का लग्नाचा. फाइललाही तेच नाव द्या, तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक प्रत गावाबाहेर. आणि दिवाळीची वाट बघू नका. ज्यांना चेहरे ओळखू येतात त्या म्हाताऱ्या ऐंशीच्या पुढं गेल्यात.