टक् टक् वाजू लागली की...

सीमाभागातल्या माणसाला १९५६ हे साल वेगळे सांगावे लागत नाही. त्या वर्षी १ नोव्हेंबरला चंदगड वगळता बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. योगायोग असा, की त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेत आयबीएम कंपनीने जगातली पहिली हार्ड डिस्क जाहीर केली. चोवीस इंची पन्नास तबकड्या, वजन टनाच्या वर, आणि मावायची फक्त पन्नास लाख अक्षरे! आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही तिच्यात बसेलच असे नाही.

आपल्या घरच्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क तिचीच नात. खिशातल्या डायरीएवढी. आत चकचकीत तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरत असतात आणि वाचणारे-लिहिणारे हेड त्यांच्यावर अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. आपल्या डोक्यावरचा केस त्या अंतराच्या हजारो पट जाड! धुळीचा एक कण, एक धक्का किंवा निव्वळ वय एवढे कारण पुरते. मग कॉम्प्युटर सुरू व्हायला दहा मिनिटे घेतो, फाइल उघडता उघडत नाही, पडदा मध्येच गोठतो आणि कधी डब्यातून टक् टक् असा आवाज येऊ लागतो.

अशा वेळी काय करायचे, हे आपल्या शहापूर-वडगावच्या विणकराला विचारावे. धागे तुटू लागले, की तो आधी माग थांबवतो. आपण मात्र उलट करतो. पुन्हा पुन्हा बंद-चालू करतो, डिफ्रॅग लावतो, चेकडिस्क चालवतो. आजारी माणसाला पळायला लावण्यातलाच हा प्रकार. डिस्क अजून दिसत असेल, तर सर्वांत मोलाच्या फाइली आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. सिनेमे आणि गाणी नंतर. शक्य असेल तर डिस्क काढून यूएसबीच्या केसिंगमधून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडावी. जाणकार असेल तर डीडीरेस्क्यूसारख्या मोफत प्रोग्रॅमने सबंध डिस्कची प्रत काढतो. हा प्रोग्रॅम खराब जागा आधी सोडून चांगला भाग उतरवतो आणि मग मागे वळून उरलेला प्रयत्न करतो. दुरुस्तीचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करावेत, मूळ डिस्कवर नव्हे.

पण टक् टक् वाजतच असेल किंवा डिस्क दिसतच नसेल, तर वीज बंद करावी आणि हात जोडावेत. ती घरी उघडू नये. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये, आत दव धरून होते नव्हते ते जाते. धूळविरहित खोलीत डिस्क उघडणारे तज्ज्ञ असतात. खर्च मोठा आणि हमी नाही. आणि दुकानात डबा देताना पहिले वाक्य हेच असावे, “फॉरमॅट मारू नका.” जमल्यास पावतीवर लिहून घ्यावे. विंडोज नव्याने टाकून मिळते, आजीचा फोटो नाही. वॉरंटीतही डिस्क बदलून मिळते, आतला मजकूर नव्हे.

आधी कळत नाही का? थोडेफार कळते. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. तिला स्मार्ट म्हणतात आणि क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅमने ती पाहता येते. बदललेल्या किंवा वाचता न येणाऱ्या सेक्टरांचा आकडा वाढत असेल, तर समजावे. कधी दोष नुसत्या केबलचाही निघतो. मात्र या नोंदीवर विसंबू नये. गुगलने २००७ साली आपल्या लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिकांनी स्मार्टच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती. न सांगता गेल्या!

कोणी म्हणेल, आता सगळे मोबाइलवर आणि क्लाउडवर असते, ही चिंता कशाला? पण मंडळी, जरा आठवा. कॅमेऱ्याचा रोल संपला आणि क्लाउड घरोघरी यायचा होता, अशी मधली दहा-बारा वर्षे होती. त्या काळात जन्मलेल्या मुलांची बारशी, मुंजी, तेव्हा हयात असलेले आजोबा-आजी, हे ना अल्बममध्ये आहेत ना मोबाइलमध्ये. ते माळ्यावरच्या जुन्या सीपीयूत आहेत. एवढेच नाही, त्या काळी श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप केलेले मराठी लेख, भाषणे, घराण्याच्या वंशावळीही तिथेच. ती फाइल वाचली तरी फॉन्ट नसेल तर समोर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. म्हणून फाइलबरोबर फॉन्टही उतरवून घ्यावा आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये आणावा.

उपाय जुनाच आहे. एका गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. ऑगस्ट २०१९ च्या पुरात बेळगाव-कोल्हापूर भागात किती तरी घरांत पाणी शिरले. अशा वेळी टेबलावरचा कॉम्प्युटर आणि खणातली प्रत दोन्ही एकदमच भिजतात. बहिणीच्या घरी ठेवलेली प्रत तेवढी कोरडी राहते.

खंडेनवमीला आपण मागाला, वाहनाला आणि आता कॉम्प्युटरलाही हळदकुंकू वाहतो. त्याच दिवशी, फुले वाहण्याआधी, वर्षभराची एक प्रत काढायची प्रथा घरात सुरू करा. तारीख लक्षात राहील आणि मुलांनाही सवय लागेल.