शाश्वत मासेमारीचे शिक्षण: आक्षेप आणि उत्तरे

किनाऱ्यावरच्या समाजाला शाश्वत मासेमारी आणि सागरी संवर्धनाचे शिक्षण देण्यावर महाराष्ट्रात तीन आक्षेप वारंवार घेतले जातात. पिढीजात मच्छीमाराला समुद्र शिकवण्याची गरज नाही, हा पहिला. कायदे आहेत, मग शिकवणी कशाला, हा दुसरा. हातावर पोट असलेल्याला संवर्धन परवडत नाही, हा तिसरा. तिन्हींत सत्याचा अंश आहे. पण त्यांतून शिक्षण निरर्थक ठरत नाही, ते कसे असावे एवढेच ठरते.

पहिल्या आक्षेपामागचे ज्ञान खरे आहे. उधाण आणि भांग पाहून डोल हे पिशवीसारखे जाळे कधी लावायचे, कोणत्या वाऱ्याला कोणती मासळी किनाऱ्याकडे येते, हे तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, कोणी शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवून नारळी पौर्णिमेनंतरच दर्यात उतरण्याची रीत तर सरकारी बंदीपेक्षाही कडक आहे. पश्चिम किनाऱ्यावरील बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते, आणि नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टमध्ये येते. मात्र हे शहाणपण शीड आणि वल्ह्याच्या काळात घडले. माणसाची पोच कमी होती, म्हणून माशाला आसरा उरत होता. यांत्रिक ट्रॉलर, मासळीचे थवे दाखवणारी यंत्रे, थवा घेरणारी पर्ससीन जाळी आणि मासळी खेचणारे एलईडी दिवे यांनी तो आसरा आक्रसला. परंपरागत साधनही निर्दोष नाही. डोलीच्या टोकाकडच्या बारीक आसात (जाळ्याच्या छिद्रात) पापलेटची पिल्ले अडकतात. पूर्वजांनी न पाहिलेल्या संकटाला केवळ त्यांच्या अनुभवातून उत्तर मिळणार नाही.

दुसरा आक्षेप कायद्यावर भिस्त ठेवतो. महाराष्ट्रात सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ पासून आहे. २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले, २०१७ मध्ये केंद्राने एलईडी मासेमारीवर बंदी घातली आणि २०२१ च्या दुरुस्तीने दंड वाढवले. २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडण्यायोग्य किमान आकार ठरवण्यात आला: पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. माशाला एकदा तरी अंडी घालण्याची संधी मिळावी, हा त्यामागचा हेतू. पण जाळ्यात गुदमरून मेलेले पिल्लू मोजून परत सोडण्यात काही अर्थ नसतो. हा नियम खऱ्या अर्थाने पाळायचा तर जाळे विकत घेताना आस मोठा निवडावा लागतो, आणि कारण पटल्याशिवाय ती निवड करणार कोण? प्रत्येक नौकेमागे गस्ती नौका ठेवता येत नाही. याचा अर्थ अंमलबजावणी सैल चालेल असा मुळीच नाही. लहान मच्छीमार बंदी पाळत असताना एलईडीच्या नौका बिनदिक्कत फिरल्या, तर कोणत्याही शिबिरातला धडा फोल ठरतो. शिक्षण आणि निःपक्षपाती कारवाई एकमेकांचा आधार आहेत.

तिसऱ्या आक्षेपाला सौराष्ट्राने उत्तर दिले आहे. वेरावळच्या परिसरात यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी देवमुशीची (व्हेल शार्कची) शिकार होत असे. २००१ मध्ये तिला वन्यजीव कायद्याचे सर्वोच्च संरक्षण मिळाले. पण चित्र पालटले ते २००४ पासूनच्या लोकमोहिमेने. कथाकार मोरारी बापूंनी या माशाची तुलना बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या लेकीशी केली. पूर्वी शिकार करणारे मच्छीमार स्वतःची जाळी कापून देवमुशी सोडू लागले, आणि जाळ्याची भरपाईही मिळू लागली. महाराष्ट्रातही संरक्षित प्राणी सोडण्यासाठी कापलेल्या जाळ्याला भरपाई देण्याची योजना पुढे आली. मंडणगड तालुक्यातील वेळास येथे सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांसह ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखली. पुढे कासव महोत्सवाच्या पाहुण्यांमुळे गावातल्या घरांना उत्पन्न मिळू लागले. याउलट मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले, तेव्हा रोजगार जाण्याच्या भीतीने स्थानिक मच्छीमारांचा विरोध झाला. संवर्धन गरिबाला नको असते असे नाही. त्याचा भार एकट्या गरिबावर टाकलेला त्याला मान्य नसतो.

यावरून योग्य शिक्षणाचे स्वरूप ठरते. ते तांडेलापुरते थांबून चालत नाही. जाळ्यावर पैसा लावणारा नौकामालक, लिलावातला व्यापारी, मासळी विकणारी कोळीण आणि लहान पापलेट मागणारे गिऱ्हाईक, हे सगळे त्या साखळीत आहेत. रत्नागिरीच्या अनेक नौकांवर नेपाळी खलाशी असतात. त्यांच्यापर्यंत मराठी पत्रक पोहोचत नाही, म्हणून धडा त्यांच्या भाषेत हवा. शिकवण्याची जागा सभागृहापेक्षा बंदर, लिलाव आणि मच्छीमार सोसायटी ही असावी. सोसायटीच्या जुन्या वह्यांतील आवक आणि आकार यांची आजच्याशी तुलना केली, तर ऱ्हासाचा पुरावा मच्छीमारांच्याच हिशेबातून मिळतो. सातपाटीच्या मच्छीमारांनी पापलेटला राज्यमाशाचा दर्जा मागितला आणि तो २०२३ मध्ये मिळाला. घटत्या मासळीची जाण किनाऱ्यावर आहेच, याची ही साक्ष आहे.

तेव्हा शास्त्रज्ञाने प्रजननाचे जीवशास्त्र द्यावे, तांडेलाने पाण्याचे ज्ञान द्यावे, शासनाने भरपाई आणि समान कारवाईची हमी द्यावी, आणि नियम ठरवताना मच्छीमाराला बरोबरीने बसवावे. एवढे झाले की शिक्षण वरून लादलेला उपदेश राहत नाही. ते किनाऱ्याच्या उपजीविकेचे संरक्षण बनते.