चेंडू तुमचा, तुम्हीच आणा

हातातली वस्तू आपणच लांब भिरकावायची, दुसऱ्याने धावत जाऊन ती आणायची, आपण मान डोलवायची आणि लगेच पुन्हा भिरकावायची, या प्रकाराला सरकारी कचेरीत 'फेरसादर करावे' म्हणतात. तिथे निदान करणाऱ्याला पगार मिळतो, महागाई भत्ता मिळतो आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ मिळतो. कुत्र्याला पाव बिस्कीट मिळतं. आणि याला आपण खेळ म्हणतो!

हल्ली कुठल्याही मैदानावर सकाळी साडेसहाला जा. अर्ध्या चड्डीतले एक सद्गृहस्थ हिरवा चेंडू फेकून ओरडत असतात, "फेच! बंड्या, फेच!" (घरात सात पिढ्यांत कुणी इंग्रजीत शिंकलेलं नसतं; पण कुत्र्याशी मराठी बोललं की त्याच्यावर वाईट संस्कार होतात, अशी समजूत असावी.) बंड्या चेंडूकडे पाहतो, मग मालकाकडे पाहतो. एखादा पाहुणा आपलाच चष्मा खिडकीबाहेर टाकून आपल्याकडे पाहत बसला, तर सभ्य माणूस ज्या नजरेने पाहील, अगदी तशा नजरेने. मग तो कान खाजवतो. गृहस्थ स्वतः जातात, चेंडू आणतात, पुन्हा फेकतात. चौथ्या दिवसापासून तर ते न सांगता जाऊ लागतात.

इथवर माझी तक्रार नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच असेल. तक्रार पुढे आहे. हेच गृहस्थ घरी येऊन चारचौघांत जाहीर करतात, "आमचा बंड्या जरा मंदच आहे हो. समोरच्यांचा लॅब्रॅडोर बघा!" म्हणजे मुलांच्या मार्कलिस्टा संपल्या, आता कुत्र्यांच्या सुरू. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी तर परवा कहर केला. आठ महिन्यांपूर्वी मुलाच्या हट्टापायी आणलेलं गावठी पिल्लू चेंडू आणत नाही, म्हणून ते आता 'ओळखीच्यांच्या शेतावर' सोडायचं आणि लॅब्रॅडोर घ्यायचा, असं ठरतंय. "तिथे मोकळा राहील हो," असं ते म्हणाले. आजवर शेकड्यांनी कुत्री या 'ओळखीच्यांच्या शेतावर' गेली. त्या शेताचा सातबारा मी अजून पाहिलेला नाही.

म्हणून हे भांडण.

लॅब्रॅडोरची हुशारी मी नाकारत नाही. पण ती त्याची स्वतःची कमाई नव्हे, वडिलोपार्जित इस्टेट आहे. विलायतेतल्या जमीनदारांना पक्षी मारायचा षोक. पक्षी पडायचा तळ्यात, नाहीतर काटेरी झुडपात. साहेब काही चिखलात उतरायचा नाही. तेव्हा पडलेलं पाखरू शोधेल, दात न लावता तोंडात धरेल आणि मालकाच्या हातात देईल, असं कुत्रं हवं झालं. लॉर्ड ट्वीडमाउथ नावाच्या गृहस्थांनी १८६८ साली स्कॉटलंडमध्ये एका पिवळ्या रिट्रीव्हरचा पाण्यात पोहणाऱ्या स्पॅनिएल जातीच्या मादीशी संकर केला, त्यातून पुढे गोल्डन रिट्रीव्हर आला. लॅब्रॅडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांकडे बर्फगार पाण्यातून दोर आणि मासळी ओढून आणत. तिथून ते इंग्लंडच्या सरदारांकडे आले आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने त्यांना स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. पिढ्यान्‌पिढ्या आणणाऱ्याचं लग्न आणणारीशीच लावायचं! अशा घराण्यातल्या पिल्लाने चेंडू आणला तर त्यात नवल ते काय? वकिलाचा मुलगा वाद घालतो, त्याचं कुणी कौतुक करतं का?

त्यातून २०१६ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी असं दाखवलं, की सुमारे एक-चतुर्थांश लॅब्रॅडोरांमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यामुळे त्यांना खाण्याची हाव जास्त असते. तेव्हा आपण ज्याला आज्ञाधारकपणा म्हणतो, त्यात थोडी खा-खा मिसळलेली असायची शक्यता आहे. बिस्किटासाठी वाटेल ते आणून देणारी माणसंही आपण पाहतोच. त्यांना बढती मिळते हे खरं; पण त्यांना कुणी बुद्धिमान म्हणत नाही.

आता आपला गावठी. त्याच्या लग्नाची चिंता कुठल्याही लॉर्डाने वाहिली नाही. त्याची निवड रस्त्याने केली. ट्रकखाली जो आला नाही, गाडीवाल्यांच्या हाती जो लागला नाही, लग्नाच्या मांडवामागे जो वेळेवर पोचला, तो टिकला. बंड्या बँकवाल्यांची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी असताना ओळखतो. दूधवाल्याला भुंकत नाही, वर्गणीवाल्यांना भुंकतो. यापलीकडची बुद्धी सोसायटीच्या कमिटीतही मी पाहिलेली नाही.

शिवाय आपण त्याला 'आण' असं कधी म्हटलंय? आपल्या भाषेत कुत्र्यासाठी शब्द मुळात तीन. 'यू यू', 'छू' आणि 'हाड'. पहिला शिळी भाकरी टाकताना, दुसरा दुसऱ्याच्या अंगावर सोडताना आणि तिसरा उरलेला दिवसभर. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेत, खंडोबापाशी कुत्रा आहे. एकाच्याही तोंडात चेंडू दाखवलेला नाही. नामदेवांची कथा तर सरळ उलटी. कुत्रं पोळी घेऊन पळालं आणि कोरडी खाऊ नये म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. आमच्या परंपरेत कुत्र्याने न्यायचं आणि माणसाने धावायचं! बंड्याने चेंडू नेऊन पलंगाखाली ठेवला तर तो परंपरेला धरूनच आहे. (आणि त्याच्या मागे धावलात, की त्याला तोच खेळ वाटतो. मग तो जन्मात चेंडू देणार नाही.)

पण हेही सगळं बाजूला ठेवा. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. चेंडू फेकायचा म्हणजे आधी हात वर करायचा. आपल्या गल्लीतल्या कुत्र्यापुढे हात वर करून बघा. हात कशाला, नुसतं खाली वाकून बघा. शेपूट पायांत घालून तो कोपरा गाठतो. कुत्रं अंगावर आलं की नुसतं वाकायचं, दगड नसला तरी चालतो, ही विद्या तुम्हाआम्हाला शाळेत जायच्या आधीच मिळालेली आहे. म्हणजे फेकणाऱ्या हाताचा अर्थ आपणच त्याला पिढ्यान्‌पिढ्या शिकवला आणि तो त्याने चोख पाठ केला. आता त्याच हातात हिरवा चेंडू घेऊन आपण म्हणणार, "शिकत नाही हो!"

कोलकात्याच्या 'आयसर' संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर केलेला एक प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला. या कुत्र्यांना कुणी कधी काही शिकवलेलं नव्हतं. दोन झाकलेली भांडी ठेवायची आणि अनोळखी माणसाने एकाकडे बोट दाखवायचं. जी कुत्री पुढे आली त्यांतली सुमारे ८० टक्के बोट दाखवलेल्या भांड्याकडे गेली. माणसाचं बोट त्यांना न शिकवता कळलं. पण जवळजवळ निम्मी पुढे आलीच नाहीत. त्यांना काय आठवलं असेल, ते सांगायला प्रयोगशाळा नको.

तेव्हा मी बँकवाल्यांना जिन्यात गाठलं. म्हटलं, "अहो, शेतावर सोडायच्या आधी पंधरा दिवस द्या. मैदान नको, घरातला पॅसेज घ्या. हात वर करू नका. खाली बसून चेंडू घरंगळत सोडा. एकसारखे दोन चेंडू ठेवा. त्याने एक तोंडात धरला, की हिसकावू नका, दुसरा दाखवा. पहिला तो आपणच टाकेल. तीन-चार वेळा झालं की बंद, त्याला कंटाळा यायच्या आत. काठी तर फेकूच नका, धावता धावता घशात घुसते. आणि इतकं करूनही नाही आणला, तर नाही आणला! तुमच्या मुलाला तबला येत नाही म्हणून त्याला कुठल्या शेतावर सोडलात?"

ते "बघू" म्हणाले. बँकेत कर्ज मागणाऱ्याला म्हणत असतील, त्याच सुरात. पण त्या संध्याकाळपासून वरच्या मजल्यावरून चेंडू घरंगळल्याचा आवाज येऊ लागला. पहिले चार दिवस बंड्या कपाटामागून बघत होता म्हणे. आठव्या दिवशी त्याने चेंडू उचलला, पॅसेजभर मिरवला, बँकवाल्यांच्या पसरलेल्या हातांवरून सरळ पुढे गेला आणि स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असलेल्या वहिनींच्या पायापाशी नेऊन ठेवला. त्याला रोज जेवायला त्याच घालतात.

लॅब्रॅडोरचा विषय तूर्त निघत नाही. बंड्याने चेंडू आणला हे बँकवाल्यांना मान्य आहे; फक्त भरणा चुकीच्या खात्यात झाला, एवढीच त्यांची तक्रार आहे.