खोताच्या वाडीचं तोंड

गिरगावातल्या खोताच्या वाडीचं प्रवेशद्वार सुधारायचं म्हणजे कमान उभारायची, ही समजूत सोडायला हवी. एके काळी इथं सुमारे ६५ बंगलेवजा घरं होती. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. उरलेल्या लाकडी जिन्यांना, व्हरांड्यांना आगीचं भय मोठं. म्हणून गल्लीच्या तोंडाशी गाड्या लावणं आधी बंद व्हावं, फरसबंदी सपाट व्हावी, पुरेसे दिवे लागावेत. वाट सुकर झाली की छायाचित्रं काढणाऱ्यांची गर्दी रहिवाशांना छळेल, हा आक्षेप खराच आहे. त्यावर उपाय मात्र वेळेच्या बंधनाचा. अडलेल्या वाटेनं हौशी पाहुणे थांबत नाहीत. अडखळतात ती म्हातारी माणसं आणि खोळंबतं ते अग्निशमन दल. महापालिकेनं रहिवाशांना सोबत घेऊन हे काम पावसाळ्याआधी हाती घ्यावं.