जमीन आहे, पण हातात पैसा कुठे?

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात फेब्रुवारी २००९ च्या वणव्यांत १७३ जणांचा बळी गेला. तेव्हा अग्निशमनाचा मोठा खर्च विमा काढणाऱ्यांकडूनच वसूल होई. चौकशी आयोगाच्या शिफारशीनंतर २०१३ पासून तो सर्व मालमत्तांवर कर म्हणून विभागला गेला. तत्त्व योग्यच होते.

१ जुलै २०२५ पासून याच कराचा 'आपत्कालीन सेवा व स्वयंसेवक निधी' झाला आणि शेतजमिनीचा दर दुपटीहून जास्त करण्याचे ठरले. दुष्काळाने पिचलेले शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यांतले अनेक जण गावच्या अग्निशमन दलात विनावेतन राबणारे. अखेर सरकारला शेतीवरील दरवाढ थांबवावी लागली.

बाबासाहेबांनी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना याच अन्यायावर बोट ठेवले होते : आयकर उत्पन्न झाले तरच, शेतसारा मात्र पीक बुडाले तरी.

सेवा सर्वांची, म्हणून भारही सर्वांनी उचलावा. पण तो ऐपतीप्रमाणे. उद्या आपल्या ग्रामसभेत घरपट्टीवाढीचा ठराव आला, तर तरुणांनी दोन प्रश्न विचारावेत : पैसा नेमका कोणत्या सेवेवर खर्च होणार? आणि ज्याचे उत्पन्न बुडाले, त्याला सवलत काय?