असे समजते

परवा एका मित्राकडे 'गुड नाईट, अँड गुड लक' हा सिनेमा पुन्हा पाहिला. २००५ सालचा, जॉर्ज क्लूनीचा, कृष्णधवल. टीव्हीवरचा पत्रकार एडवर्ड मरो सिनेटर जोसेफ मॅकार्थीला त्याच्याच भाषणांच्या चित्रफिती दाखवून उघडा पाडतो, ती कथा. सिनेमा देखणा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण तो संपल्यावर मित्र म्हणाला, "बघ, एका माणसाने देश वेठीला धरला आणि एका माणसाने सोडवला."

यावरून आमचं वाजलं. चहा गार होईपर्यंत भांडलो. माझा मुद्दा मला तोंडी नीट मांडता आला नाही, म्हणून तो इथे लिहितो. मुद्दा साधा आहे. त्या काळाला 'मॅकार्थीचा काळ' म्हणणं ही एक मोठी सोय आहे. सगळं पाप एका दारुड्या सिनेटरच्या खात्यावर टाकलं, की बाकी सगळे मोकळे. राष्ट्राध्यक्ष मोकळे, न्यायाधीश मोकळे, आणि माझ्यासारखे कारकून तर अगदीच मोकळे.

आधी तारखा पाहू. मॅकार्थीने व्हीलिंग गावात परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांच्या यादीचा कागद फडकावला, तो ९ फेब्रुवारी १९५० रोजी. आकडा आधी २०५ होता, मग ५७ झाला. पण सरकारी नोकरांची निष्ठा तपासण्याचा हुकूम, क्रमांक ९८३५, निघाला २१ मार्च १९४७ रोजी. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं आधी. सही हॅरी ट्रुमनची. तोच डेमोक्रॅट ट्रुमन, ज्याला आपल्याकडची पुस्तकं मॅकार्थीचा विरोधक म्हणून दाखवतात. चूल पेटवली एकाने. मॅकार्थी नंतर येऊन फुंकर घालत बसला.

ट्रुमनचा स्वतःचा तरी या भीतीवर विश्वास होता का? फेब्रुवारी १९४७ मध्ये एका खासगी पत्रात त्याने लिहिलं होतं, की कम्युनिस्टांचा हा बागुलबुवा आहे आणि देश पूर्ण सुरक्षित आहे. त्यानंतर तीन आठवड्यांत हुकूम निघाला. कारण उघड आहे. नोव्हेंबर १९४६ च्या निवडणुकीत संसदेची दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडे गेली होती आणि 'डेमोक्रॅट लोक कम्युनिस्टांना पाठीशी घालतात' हा प्रचार जोरात होता. तो थांबवायला वीस लाखांवर सरकारी नोकरांना रांगेत उभं केलं गेलं.

आता हा कारखाना कसा चालायचा ते पाहा. सरकारी कचेरीत जन्म गेलेल्या माणसाला ते वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यातला एकेक कागद ओळखीचा वाटतो. प्रत्येक नोकराचं नाव एफबीआयच्या आणि इतर फायलींशी ताडून पाहायचं. काही प्रतिकूल सापडलं की सविस्तर चौकशी. मग आरोपपत्र, मग निष्ठा मंडळापुढे सुनावणी, मग अपील. सगळं रीतसर. शिवाय अॅटर्नी जनरलची संशयित संघटनांची यादी होती. त्या संघटनांना बाजू मांडायची संधी न देताच ती केलेली. त्या यादीतल्या संघटनेशी 'सहानुभूतीचा संबंध' असणं हेसुद्धा तुमच्याविरुद्ध धरता येत असे.

या रीतसर सुनावणीत एकच गोष्ट नव्हती. तुमच्याविरुद्ध कोण बोललं ते तुम्हाला कळत नसे.

डोरोथी बेली ही सरकारच्या रोजगार सेवेत प्रशिक्षणाचं काम पाहणारी बाई. ती कम्युनिस्ट असल्याची माहिती खबऱ्यांनी दिली होती. तिने साफ नाकारलं आणि ओळखीच्या लोकांची शपथपत्रं आणली. तिच्या वकिलाने विचारलं, हे सांगणारे कोण? मंडळाचे अध्यक्ष सेथ रिचर्डसन यांनी सुनावणीतच कबूल केलं, की ते कोण हे आपल्यालाही अजिबात ठाऊक नाही. ती माहिती शपथेवर दिलेलीही नव्हती. म्हणजे न्याय करणाऱ्यालाही साक्षीदार माहीत नाही! उलट तिला मात्र विचारलं गेलं, की तुम्ही रेडक्रॉसला रक्ताच्या भेदाभेदाबद्दल पत्र लिहिलं होतं का? युद्धाच्या काळात रेडक्रॉस काळ्या माणसांचं रक्त गोऱ्यांच्या रक्तापासून वेगळं ठेवत असे. त्यावर आक्षेप घेणं ही निष्ठेबद्दल शंका घ्यायची गोष्ट झाली होती. वर्णभेदाविरुद्ध बोललात की तुमची फाईल जाड झाली. या एका प्रश्नात त्या काळाची अर्धी अमेरिका सापडते.

बेली कोर्टात गेली. १९५० साली अपील कोर्टाने दोनास एक मताने सांगितलं, की सरकारी नोकरी हा काही हक्क नाही, तेव्हा साक्षीदार समोर आणायची गरज नाही. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात मतं पडली चार-चार, म्हणून खालचा निकाल कायम राहिला. नववे न्यायमूर्ती टॉम क्लार्क यांनी भाग घेतला नाही. का? तर ती संशयितांची यादी प्रसिद्ध झाली तेव्हा अॅटर्नी जनरल तेच होते. यात मॅकार्थी कुठे आहे, मित्रा?

दुसरं उदाहरण माझ्या जातीच्या माणसाचं, म्हणजे कारकुनाचं. जेम्स कुचर. १९४३ साली इटलीत लढताना त्याचे दोन्ही पाय गेले. लाकडी पायांवर चालायला शिकून तो न्यूअर्कमध्ये माजी सैनिकांच्या सरकारी कचेरीत फायली लावायच्या कामाला लागला. १९४८ साली त्याला काढलं, कारण तो सोशलिस्ट वर्कर्स पार्टीचा सभासद होता. हा पक्ष ट्रॉट्स्कीवाद्यांचा, स्टालिनला शिव्या घालणारा. पण यादीत नाव होतं, आणि यादीपुढे कुणाचं चालत नाही. आई-वडील सरकारी घरात राहत, त्यांना घर सोडायला सांगितलं. पुढे त्याचं अपंगत्वाचं पेन्शनसुद्धा काही काळ अडवलं. पाय देऊन निष्ठा सिद्ध झाली नव्हती, आता आणखी काय द्यायचं? आठ वर्षं भांडून १९५६ साली तो आपल्या टेबलावर परत आला.

मॅकार्थी आल्यावर हा कारखाना जास्त वेगाने चालू लागला, हे मी नाकारत नाही. पण बदल पाहा कसले झाले. आधीचा नियम होता, की नोकर बेइमान आहे असं मानायला सबळ कारण हवं. एप्रिल १९५१ मध्ये ट्रुमननेच तो बदलला आणि 'निष्ठेबद्दल वाजवी शंका' पुरेशी ठरवली. दोन-चार शब्दांची दुरुस्ती! पण त्यामुळे निर्दोष सुटलेल्या हजारो लोकांच्या बंद फायली पुन्हा उघडल्या. १९५३ साली आयझेनहॉवरने नवा हुकूम काढला, क्रमांक १०४५०, आणि त्यात निष्ठेऐवजी 'सुरक्षितता' हा शब्द आणला. माणूस देशाशी इमानी असला तरी त्याच्या सवयींमुळे तो धोका ठरू शकतो, असा त्याचा अर्थ. समलिंगी माणसं थेट त्यात सापडली. फ्रँक कॅमेनी हा हार्वर्डचा डॉक्टरेट झालेला खगोलशास्त्रज्ञ, महायुद्धात लढून आलेला. १९५७ साली लष्कराच्या नकाशा खात्यातून त्याला काढलं. तेव्हा मॅकार्थीची निंदा होऊन तीन वर्षं उलटली होती, आणि त्याच वर्षी तो मेलाही. कारखाना मात्र चालूच. समलिंगींवरची बंदी नागरी सेवेतून उठली १९७५ साली, आणि कॅमेनीची सरकारने माफी मागितली २००९ साली.

खुद्द त्या सिनेमातलंच बघा. मायलो रॅड्युलोविच या हवाई दलाच्या राखीव लेफ्टनंटला १९५३ साली वडील आणि बहीण यांच्या कथित विचारांवरून काढायला निघाले होते. पुरावा बंद लखोट्यात. हे काम मॅकार्थीच्या समितीचं नव्हतं. हवाई दलाच्या अधिकाऱ्यांनी नियमावली उघडून, कलम पाहून ते केलं होतं. मरोच्या कार्यक्रमानंतर त्याला परत घेतलं, कारण त्याच्यासाठी टीव्हीवर कुणीतरी बोललं. ज्यांच्यासाठी कुणी बोललं नाही त्यांचं काय?

इथे दुसऱ्या बाजूचे लोक उठतात. त्यांचं म्हणणं, "हेर खरोखरच होते. १९९५ साली व्हेनोनाचे कागद उघड झाले, त्यात सिद्ध झालं." बरोबर आहे. सोव्हिएत हेर होते, अणुबाँबच्या कामातसुद्धा होते. क्लाउस फुक्स होता, ज्युलियस रोझेनबर्ग होता. डोळे मिटून हे नाकारणारे आमचे डावे मित्रही चुकतात. पण ते हेर सापडले कसे? सांकेतिक तारा उलगडून, आणि १९४५ साली फुटून आलेल्या माणसांच्या जबान्यांवरून. निष्ठा मंडळांनी किती पकडले? १९५० साली सिनेटच्या उपसमितीपुढे त्याच सेथ रिचर्डसन यांनी सांगितलं, की हेरगिरीचं एकही प्रकरण या तपासणीत उघड झालेलं नाही. १९४७ ते १९५६ या काळात पन्नास लाखांवर लोक चाळले गेले, सुमारे २,७०० बडतर्फ झाले आणि सुमारे १२,००० जणांनी राजीनामे दिले असा अंदाज आहे. ज्यांनी घाबरून मासिकाची वर्गणी बंद केली, मित्राच्या घरी जाणं सोडलं, सभेला गेले नाहीत, त्यांची मोजदाद कोण करणार?

आणि हे थांबलं कसं, तेही सांगतो. टीव्हीवरच्या एका भाषणाने नाही. केंड्रिक कोल हा अन्न आणि औषधांची तपासणी करणारा निरीक्षक. त्यालाही 'सुरक्षितते'साठी काढलं होतं. अन्न तपासणाऱ्याकडून देशाच्या सुरक्षेला कसला धोका, देव जाणे. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या खटल्यात सांगितलं, की हा कायदा संवेदनशील पदांपुरताच आहे. अशा एकेका चिवट माणसाने वर्षानुवर्षं खर्च करून, वकील गाठून, नोकरीविना राहून त्या कारखान्याचा एकेक खिळा काढला. त्यांच्यावर कुणी सिनेमा काढला तर पहिल्या रांगेत बसून पाहीन.

माझा मित्र म्हणेल, हे अमेरिकेचं, तुला काय त्याचं? सांगतो. आमच्या गोव्यावर ज्यांचं राज्य होतं त्या पोर्तुगालमध्ये सालाझारने १९३६ सालीच नियम केला होता, की सरकारी नोकरी हवी तर कम्युनिझमचा धिक्कार करणारं प्रतिज्ञापत्र सहीनिशी द्या. हुकूमशहाने ते केलं यात नवल नाही. लोकशाहीने अकरा वर्षांनी तसंच काहीतरी केलं आणि दोष एका सिनेटरला दिला, हे नवल. आपल्याकडेही नोकरीआधी पोलिसांचा चारित्र्य-अहवाल येतोच. मध्य प्रदेशात एका शिक्षकाला पूर्वी जनसंघ आणि संघाच्या कामात होता म्हणून काढलं, तेव्हा १९८३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की नोकरीसाठी माणसाच्या राजकीय मतांचा पोलीस अहवाल मागणं हे मूलभूत हक्कांच्या मुळावर घाव घालणं आहे. डाव्यांवर असो की उजव्यांवर, कुऱ्हाड तीच.

आणि आता माझं. बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कचेरीत आस्थापनेच्या टेबलावर होतो. एका रोजंदारीवरच्या मुलाला कायम करायचा प्रस्ताव होता. त्याच्याबद्दलच्या अहवालात एक ओळ आली. इंग्रजीत होती, "इट इज लर्न्ट दॅट". मराठीत, "सदर इसम आंदोलनात भाग घेतो असे समजते." कुणाला समजलं, कुणाकडून, कधी, काही नाही. या 'समजते'ला कर्ताच नाही. मी ती ओळ जशीच्या तशी नोटशीटवर उतरवली आणि खाली लिहिलं, 'निर्णयार्थ सादर'. वरच्याने सही केली, त्याच्या वरच्याने सही केली. मुलगा कायम झाला नाही. कुणी दुष्ट नव्हतं. प्रत्येकाने आपापलं काम केलं. मीही केलं. "हे कोणी सांगितलं?" एवढं पेन्सिलने समासात लिहिलं असतं तर माझी नोकरी गेली नसती. फार तर साहेबाने कपाळाला आठ्या घातल्या असत्या. बेलीच्या वकिलाने तेच विचारलं होतं, भर सुनावणीत. मी टेबलावर एकटा असतानाही विचारलं नाही.

तो मुलगा आता चाळिशीला आलाय. बाजाराच्या रस्त्यावर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. दिसलो की हात करतो, "बरें मरे, भाई?" म्हणून विचारतो. ती ओळ कोणाच्या अक्षरात होती हे त्याला ठाऊक नाही.

म्हणून मॅकार्थीला एकट्याला दोष देणारं वाक्य मला ऐकवत नाही. मॅकार्थी कचेरीत नसतो. कचेरीत आपण असतो.